विश्लेषण : ओमेगा-३च्या गोळीने म्हातारपण खरेच लांबणीवर पडते?

पिवळसर, पारदर्शक अशी ओमेगा-३ची कॅप्सूल आता अनेक घरांत रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या डब्यात जाऊन बसली आहे. सांधे, हृदय, स्मरणशक्ती, डोळे अशा जवळपास प्रत्येक तक्रारीसाठी ती ‘चांगली’ असल्याचे सांगितले जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर एजिंग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर त्यात आणखी एका दाव्याची भर पडली : ओमेगा-३मुळे वय वाढण्याचा वेग मंदावतो. संशोधनात नेमके काय आढळले, ते किती भरवशाचे आहे आणि वरण-भात, भाकरी, शेंगदाणा तेल खाणाऱ्या आपल्याकडच्या ज्येष्ठांसाठी त्याचा अर्थ काय, याविषयी.

ओमेगा-३ म्हणजे काय?

तेल-तूप किंवा सुक्यामेव्यातील चरबी ही मेदाम्लांची, म्हणजेच फॅटी ॲसिडची बनलेली असते. यातील बहुतेक मेदाम्ले शरीर स्वतः तयार करू शकते. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ या दोन गटांतील मूळ मेदाम्ले मात्र शरीराला तयार करता येत नाहीत, ती आहारातूनच मिळावी लागतात. म्हणून त्यांना ‘अत्यावश्यक’ म्हटले जाते.

ओमेगा-३ हा एक पदार्थ नाही. त्याचे तीन प्रकार महत्त्वाचे आहेत. एएलए हे जवस, अक्रोड, सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात असते. ईपीए आणि डीएचए हे प्रामुख्याने समुद्री माशांत असतात. मासेही ते स्वतः फारसे तयार करत नाहीत. समुद्रातील सूक्ष्म शैवाल ते तयार करते आणि अन्नसाखळीतून ते माशांपर्यंत पोहोचते. डीएचए हा मेंदू आणि डोळ्यातील दृष्टिपटल यांच्या पेशींच्या आवरणाचा महत्त्वाचा घटक आहे. ईपीए शरीरातील दाह आटोक्यात ठेवणाऱ्या प्रक्रियांत भाग घेते. वय वाढते तसा शरीरात मंद, सततचा दाह वाढतो आणि हृदयविकार, मधुमेह, स्नायूंची झीज यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. ओमेगा-३ आणि वार्धक्य यांचा विचार एकत्र होतो, तो यामुळे.

या कुतूहलाची सुरुवात १९७०च्या दशकात झाली. हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडमधील इन्युइट लोकांचा अभ्यास केला. सील आणि मासे यांच्यावर जगणाऱ्या या लोकांच्या आहारात चरबी भरपूर असूनही त्यांच्यात हृदयविकार कमी असल्याचे त्यांनी मांडले. त्या मांडणीच्या आधारावर पुढे शंका घेतल्या गेल्या, पण तोपर्यंत माशाच्या तेलावर शेकडो प्रयोग सुरू झाले होते.

ताजे संशोधन काय सांगते?

‘डू-हेल्थ’ या नावाचा हा प्रयोग झुरिच विद्यापीठातील प्रा. हाइके बिशॉफ-फेरारी यांच्या नेतृत्वाखाली स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि पोर्तुगाल या पाच देशांत झाला. त्यात सत्तरी ओलांडलेले २,१५७ ज्येष्ठ सहभागी होते. त्यांचे आठ गट करण्यात आले. कोणाला रोज एक ग्रॅम ओमेगा-३, कोणाला रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व, कोणाला आठवड्यातून तीनदा अर्धा तास घरच्या घरी करायचे ताकदीचे व्यायाम, कोणाला यांपैकी दोन किंवा तिन्ही गोष्टी, तर कोणाला निव्वळ नकली गोळ्या देण्यात आल्या. हे तीन वर्षे चालले. यात वापरलेले ओमेगा-३ माशांचे नव्हते, शैवालापासून काढलेले होते.

२०२५ मधील विश्लेषण यांपैकी स्वित्झर्लंडमधील ७७७ जणांच्या रक्ताच्या नमुन्यांवर आधारलेले आहे. सुरुवातीला आणि तीन वर्षांनंतर त्यांचे ‘जैविक वय’ चार वेगवेगळ्या पद्धतींनी मोजण्यात आले. चारपैकी तीन पद्धतींमध्ये ओमेगा-३ घेणाऱ्यांचे जैविक वय तुलनेने हळू वाढल्याचे दिसले. एका पद्धतीत ओमेगा-३, ड जीवनसत्त्व आणि व्यायाम या तिघांचा एकत्रित परिणाम अधिक दिसला. एकूण फरक भरला तो २.९ ते ३.८ महिन्यांचा. म्हणजे तीन वर्षांच्या, ३६ महिन्यांच्या काळात साधारण तीन ते चार महिन्यांची बचत. बातम्यांच्या मथळ्यांत ‘वय वाढणे थांबले’ असा सूर असला, तरी मूळ आकडा एवढाच आहे.

जैविक वय कसे मोजतात?

जन्मतारखेवरून ठरते ते कालक्रमाचे वय. पण सत्तरीतला एखादा गृहस्थ रायगड चढतो आणि दुसऱ्याला जिना चढवत नाही, हा फरक जन्मतारीख सांगत नाही. तो मोजण्याचा एक मार्ग म्हणजे डीएनएवरील रासायनिक खुणा. डीएनएच्या ठरावीक जागांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात किंवा सुटतात. त्यामुळे कोणते जनुक चालू आणि कोणते बंद राहील, यावर परिणाम होतो. वयानुसार या खुणांची ठेवण बदलते. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वयाचा अंदाज बांधणारे ‘घड्याळ’ तयार केले. नंतरच्या घड्याळांनी केवळ वयाचा नव्हे, तर आजारपण आणि मृत्यू यांच्या जोखमीचा अंदाज घेण्याचा प्रयत्न केला. ‘डू-हेल्थ’मध्ये वापरलेली घड्याळे या नंतरच्या पिढीतली आहेत. होर्व्हाथही या संशोधनाचे सहलेखक आहेत.

हे घड्याळ उपयुक्त असले तरी ते एक सूचक आहे. वाहनाचा वेगमापक काटा थोडा खाली आला म्हणून प्रवास सुखरूप होईलच असे नसते. घड्याळ तीन महिने मागे पडले म्हणजे माणूस तीन महिने अधिक जगेल किंवा तीन महिने उशिरा अंथरुणाला खिळेल, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. शिवाय चार घड्याळे एकाच रक्तनमुन्यावर एकच उत्तर देत नाहीत, हेही याच प्रयोगात दिसले.

मग ज्येष्ठांच्या प्रकृतीत फरक पडला का?

हा प्रश्न त्याच प्रयोगात आधीच विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब, पायांची ताकद व तोल, आकलनशक्ती, मणक्यांखेरीज इतर हाडांचे फ्रॅक्चर आणि संसर्ग अशा सहा मुख्य कसोट्या संशोधकांनी प्रयोग सुरू करण्यापूर्वीच ठरवल्या होत्या. सर्व २,१५७ जणांचा तीन वर्षांचा हिशेब मांडल्यावर या सहांपैकी एकाही कसोटीवर ओमेगा-३, ड जीवनसत्त्व किंवा व्यायाम यांचा ठोस, संख्याशास्त्रीयदृष्ट्या मान्य होईल असा फायदा दिसला नाही. सहभागी झालेले ज्येष्ठ मुळातच बऱ्यापैकी निरोगी होते, त्यामुळे सुधारणेला फारसा वाव नव्हता, असे त्यावर सांगितले गेले.

नंतरच्या विश्लेषणांत मात्र काही आशादायक गोष्टी पुढे आल्या. ओमेगा-३ घेणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी कमी होते. तिन्ही उपाय एकत्र करणाऱ्यांत अशक्तपणाची पूर्वावस्था येण्याची जोखीम ३९ टक्क्यांनी, तर शरीरात पसरू शकणाऱ्या कर्करोगाची जोखीम ६१ टक्क्यांनी कमी आढळली. पण या मुख्य कसोट्या नव्हत्या. प्रत्येक गटात तीन वर्षांत कर्करोग झालेल्यांची संख्याही लहान होती. लहान संख्येत टक्केवारी मोठी दिसते. त्यामुळे हे निष्कर्ष पुढच्या प्रयोगासाठीची दिशा म्हणून घ्यायचे असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील सल्ला म्हणून नव्हे.

हृदयविकाराबाबत चित्र काय?

इथे पन्नास वर्षांचा खटला चालू आहे आणि निकाल उलटसुलट आहेत. इटलीतील ‘जिसी’ प्रयोगात (१९९९) हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ११,३२४ रुग्णांना ओमेगा-३मुळे फायदा झाल्याचे दिसले. मात्र रक्तातील चरबी कमी करणारी स्टॅटिन औषधे सर्रास वापरात आल्यानंतरचे प्रयोग वेगळे बोलू लागले. ब्रिटनमधील ‘असेंड’ (२०१८) या १५,४८० मधुमेहींच्या प्रयोगात फायदा दिसला नाही. अमेरिकेतील ‘व्हायटल’ प्रयोगात पन्नाशी ओलांडलेले पुरुष आणि पंचावन्न ओलांडलेल्या स्त्रिया मिळून २५,८७१ जण होते. पाच वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेऊनही हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही, कर्करोगही घटला नाही. केवळ हृदयविकाराच्या झटक्यांचा वेगळा हिशेब केला तेव्हा ते २८ टक्क्यांनी कमी दिसले. मासे क्वचित खाणाऱ्यांत फायदा अधिक दिसला.

मोठ्या मात्रेचे प्रयोग तर एकमेकांच्या विरुद्ध गेले. ‘रिड्यूस-इट’मध्ये (२०१८) ८,१७९ रुग्णांना रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए औषध म्हणून देण्यात आले. त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड्स वाढलेली होती आणि ते आधीच स्टॅटिन घेत होते. त्यांच्यात हृदयविकाराशी संबंधित घटना २५ टक्क्यांनी घटल्या. ‘स्ट्रेंथ’मध्ये (२०२०) १३,०७८ रुग्णांना रोज चार ग्रॅम ईपीए आणि डीएचए एकत्र देण्यात आले. तो प्रयोग फायदा दिसत नसल्याने मुदतीआधीच थांबवला गेला. पहिल्या प्रयोगातील नकली गोळीत खनिज तेल होते, त्याने तुलनेतील रुग्णांचेच थोडे नुकसान केले असावे, ही शंका अजून पूर्ण मिटलेली नाही. ८६ प्रयोग आणि १ लाख ६२ हजारांहून अधिक सहभागी यांचा ताळेबंद मांडणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० मधील आढाव्याने, ओमेगा-३च्या पूरक गोळ्यांचा मृत्यूवर आणि एकूण हृदयविकाराच्या घटनांवर परिणाम नगण्य किंवा शून्य आहे, असा निष्कर्ष काढला.

स्मरणशक्ती आणि डोळे?

भारतीय ज्येष्ठांच्या राष्ट्रीय पाहणीशी जोडलेल्या अभ्यासानुसार, देशातील साठीपुढील ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यामुळे विसरभोळेपणा वाढू लागला की कुटुंब अशा गोळ्यांकडे वळते, हे समजण्यासारखे आहे. पण इथे पुरावा सर्वांत कमकुवत आहे. अमेरिकेत अल्झायमरच्या ४०२ रुग्णांना दीड वर्ष रोज दोन ग्रॅम डीएचए देऊन पाहिले गेले. २०१० मध्ये जाहीर झालेल्या निकालात स्मरणशक्तीच्या घसरणीचा वेग कमी झाला नव्हता. फ्रान्समध्ये सत्तरीपुढील १,६८० जणांवर झालेल्या ‘मॅप्ट’ या तीन वर्षांच्या प्रयोगातही (२०१७) ठोस फायदा दिसला नाही. वाढत्या वयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज होते. त्यावरील ‘एरेड्स-२’ या प्रयोगात (२०१३) ४,२०३ जण होते. तिथेही जीवनसत्त्वे व खनिजांच्या प्रचलित गोळीत ओमेगा-३ची भर घालून काही साधले नाही.

मासे खाणारे निरोगी दिसतात, गोळ्या घेणारे का नाहीत?

अमेरिकेत सरासरी ७४ वर्षे वयाच्या २,६२२ जणांच्या रक्तातील ओमेगा-३चे प्रमाण १९९२ पासून तेरा वर्षांत तीन वेळा मोजण्यात आले. २०१८ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या या अभ्यासात निरोगी वार्धक्याची व्याख्या कडक होती : हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसाचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार नाही, आणि बुद्धी व हातपाय शाबूत. ती पूर्ण करणारे फक्त ११ टक्के निघाले. रक्तात माशांतून येणारे ओमेगा-३ जास्त असलेल्यांत वार्धक्य आजारी जाण्याची जोखीम १८ टक्क्यांनी कमी होती.

असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण नव्हे. आठवड्यातून दोनदा ताजे मासे खाणारा माणूस बहुधा तळलेले आणि बेकरीचे पदार्थ कमी खातो, अधिक चालतो, त्याची आर्थिक स्थितीही बरी असते. निरोगी कशाने राहिला, हे वेगळे काढणे कठीण असते. गोळ्यांच्या प्रयोगात हे सारे घटक दोन्ही गटांत समान वाटले जातात. तिथे फायदा आक्रसतो, तो बहुधा म्हणूनच. दुसरे कारण म्हणजे सुरुवातीची पातळी. ज्याच्या शरीरात ओमेगा-३ पुरेसे आहे, त्याला अधिक देऊन फार काही मिळत नाही. ‘डू-हेल्थ’मध्येही सुरुवातीला ओमेगा-३ कमी असलेल्यांत परिणाम जास्त दिसला. भारताच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे.

शाकाहारींनी जवस खाल्ले तर पुरते का?

शाकाहारी व्यक्तींच्या रक्तात ईपीए आणि डीएचए मासे खाणाऱ्यांपेक्षा कमी असते. जवस, अक्रोडातून मिळणाऱ्या एएलएपासून शरीर ईपीए बनवते, पण फार थोडे, आणि डीएचए तर त्याहून कितीतरी कमी. वर उल्लेख केलेल्या ‘बीएमजे’तील अभ्यासातही एएलएच्या पातळीचा निरोगी वार्धक्याशी संबंध आढळला नव्हता.

तरीही जवस वाया जात नाही. एएलए स्वतःच अत्यावश्यक आहे. अमेरिकी निकषांनुसार त्याची रोजची पुरेशी मात्रा पुरुषांसाठी १.६ आणि स्त्रियांसाठी १.१ ग्रॅम आहे. एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १० ग्रॅम जवसाच्या पुडीत ते दोन ग्रॅमहून अधिक मिळते. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाच्या चटणीने ही गरज सहज भागते. मात्र जवस दळलेले किंवा कुटलेले हवे. अख्खे दाणे पचनसंस्थेतून तसेच बाहेर पडतात. पूड थोडी थोडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण हे तेल लवकर खवट होते. त्याच कारणाने जवसाचे तेल फोडणीला वापरू नये. कारळ्याची चटणी दिसायला आणि चवीला जवसाच्या जवळची असली, तरी कारळ्यात प्रामुख्याने ओमेगा-६ असते. ती एकाऐवजी दुसरी धरता येत नाही.

थेट ईपीए-डीएचए हवे असेल आणि मासे चालत नसतील, तर शैवालापासून बनवलेल्या कॅप्सूल हा पर्याय आहे. ‘डू-हेल्थ’मध्ये वापरले गेले ते याच स्रोताचे, ही शाकाहारींसाठी लक्षात ठेवण्याजोगी बाब. साध्या कॅप्सूलचे आवरण मात्र अनेकदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते, ते वेष्टनावर तपासावे लागते.

कोकण-गोव्यात कोणते मासे उपयोगाचे?

ओमेगा-३साठी महागडा मासा लागत नाही. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे त्यासाठी पापलेटपेक्षा सरस आहेत आणि सहसा स्वस्तही. प्रमाण हंगामानुसार बदलते. रोज पाव ते दोन ग्रॅम ईपीए-डीएचए प्रौढांना योग्य, असे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी म्हटले आहे. आठवड्यातून दोनदा तेलकट मासे खाणारा या पट्ट्यात सहसा येतो. बांगड्याचे तिखले किंवा तारलीचे कालवण हे खूप तेलात तळलेल्या माशापेक्षा बरे. खारवलेले मासे रक्तदाबाच्या रुग्णांनी बेतानेच खावेत, कारण त्यातील मीठ.

मग ओमेगा-६ वाईट का?

समाजमाध्यमांवर सूर्यफूल, करडई, सोयाबीन अशा ‘बियांच्या तेलां’ना विष ठरवण्याची लाट आहे. त्यामागचा तर्क असा की ओमेगा-६ दाह वाढवते. दोन्ही गटांतील मेदाम्ले शरीरात एकाच विकरासाठी स्पर्धा करतात हे खरे. पण ओमेगा-६ही अत्यावश्यक आहे आणि तूप-वनस्पतीसारख्या घट्ट चरबीऐवजी ते घेतल्यास रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल कमी होते, हे वारंवार दिसले आहे. अडचण ओमेगा-६ असण्यात नाही, ओमेगा-३ जवळपास नसण्यात आहे. शेंगदाणा, करडई आणि सूर्यफूल या तेलांत एएलए नगण्य असते. सोयाबीन तेलात सुमारे सात टक्के आणि मोहरीच्या तेलात त्याहून अधिक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतही तेल माफक वापरावे आणि तेलबिया, सुकामेवा, कडधान्ये यांत विविधता ठेवावी, असेच सांगितले आहे.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर काय पाहावे?

पहिली गोष्ट, वेष्टनावरचा मोठा आकडा फसवा असतो. ‘१००० मिलिग्रॅम’ हे बहुधा माशाच्या तेलाचे वजन असते. अशा साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए साधारण १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ३०० मिलिग्रॅमच भरते. ‘डू-हेल्थ’मधील ज्येष्ठांना रोज ईपीए ३३० आणि डीएचए ६६० मिलिग्रॅम मिळत होते. म्हणजे ती मात्रा गाठायला साध्या कॅप्सूल रोज तीनहून अधिक लागतील. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली ईपीए आणि डीएचएची बेरीज हाच खरा आकडा.

दुसरी गोष्ट, हे पूर्णपणे निरुपद्रवी नाही. सात प्रयोगांतील ८१ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ओमेगा-३ घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराची जोखीम २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एक ग्रॅमपर्यंतच्या मात्रेत ही वाढ १२ टक्के, तर त्याहून अधिक मात्रेत ४९ टक्के होती. या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो आणि तो मुळात उतारवयातलाच विकार आहे. युरोपीय औषध नियामकांनी २०२३ मध्ये ओमेगा-३च्या औषधांच्या माहितीपत्रकात या धोक्याची नोंद करण्यास सांगितले. त्यामुळे ठोके अनियमित असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी ही कॅप्सूल घेत असल्यास डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. अनेक ज्येष्ठ ‘ते काही औषध नाही’ म्हणून ती डॉक्टरांना सांगतच नाहीत.

तिसरी गोष्ट, भारतात ही उत्पादने अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहारपूरक म्हणून विकली जातात. आजार बरा करण्याचा दावा त्यांना करता येत नाही आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना वेष्टनावर असते. ट्रायग्लिसराइड्स खूप वाढल्यावर डॉक्टर जे मोठ्या मात्रेचे औषध लिहून देतात, ते वेगळे. दुकानातून आपल्या मनाने आणलेली कॅप्सूल त्याची जागा घेऊ शकत नाही.

भारतासाठी प्रश्न कोणता?

संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ मधील अहवालानुसार, देशात साठीपुढील लोकसंख्या २०२२ मध्ये १४.९ कोटी, म्हणजे १०.५ टक्के होती. २०५० मध्ये ती ३४.७ कोटींवर, २०.८ टक्क्यांवर जाईल. या वयातील बहुसंख्यांना निवृत्तिवेतन नाही. दरमहा औषधांवर होणाऱ्या खर्चात आणखी एका डबीची भर घालायची की त्याच पैशांत डाळ, दूध, अंडी, मासे आणायचे, ही निवड त्यांच्यासाठी पुस्तकी नाही.

आजवरच्या मोठ्या प्रयोगांत भारतातील शाकाहारी ज्येष्ठ जवळपास नाहीत. ते स्विस ज्येष्ठांपेक्षा निराळा आहार घेतात, त्यांच्यात मधुमेह अधिक आणि रक्तातील ईपीए-डीएचए कमी. त्यांना कदाचित अधिक फायदा होईल, कदाचित होणार नाही. दोन्हीपैकी काहीही ठामपणे सांगायचे तर प्रयोग इथेच करावा लागेल. पुणे, मुंबई, हैदराबाद, वेल्लोर येथील संस्थांकडे त्यासाठी लागणारे मनुष्यबळ आणि प्रयोगशाळा आहेत.

तोवर हाताशी असलेल्या पुराव्यावरून क्रम लावता येतो. रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, पुरेशी प्रथिने घेणे आणि खुर्चीतून उठ-बस करण्यासारखे ताकदीचे व्यायाम नियमित करणे, यांचा फायदा ओमेगा-३पेक्षा कितीतरी पक्का आहे. त्यानंतर आहारातले जवस, अक्रोड, बांगडा. मासे न खाणाऱ्या आणि ठोक्यांचा विकार नसलेल्या ज्येष्ठाने डॉक्टरांना विचारून कमी मात्रेची, उदाहरणार्थ शैवालाची, कॅप्सूल घेतली तर त्यात वावगे नाही. पण तिच्यासाठी रक्तदाबाची गोळी चुकवणे किंवा ताटातले काही कमी करणे, हे या संशोधनातून कुठेही निघत नाही.